ब्रेकचं पेडल खाली बसतंय? ऑइल ओतण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी. समजा दाभोळच्या जेटीवर उतारावर रांगेत गाडी उभी आहे. फेरीबोट अजून पलीकडे धोपाव्याला. तुमचा पाय ब्रेकवर हलका टेकलेला, आणि पेडल मुंगीच्या पावलांनी खाली चाललंय. पाय उचलून कचकन दाबलं की ब्रेक एकदम ठणठणीत! मग माणूस म्हणतो, भास झाला असेल.

भास नाही तो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. त्याच्या पिस्टनवर रबरी सील असतात. जोरात दाबलं की ऑइलच्या दाबानेच सीलची कड भिंतीला घट्ट बसते. हलक्या पायाने तेवढा दाब येत नाही, आणि झिजलेल्या कडेवरून ऑइल मागे सटकतं. बाहेर थेंब नाही, ब्रेक ऑइलच्या डब्यातली लेव्हलही तशीच. गॅरेजवाला पेडलवर दणकून पाय मारतो, "काय नाय हो, एकदम ओके" म्हणतो आणि तुम्हाला परत पाठवतो.

म्हणून टेस्ट अशी करायची. गाडी सपाट अंगणात, चाकांना दगड, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता हलका पाय ठेवून अर्धा मिनिट थांबा. मग जोर लावून पुन्हा अर्धा मिनिट. पेडल जागेवर राहिलं तर उत्तम. सरकत गेलं तर ऑइल कुठेतरी जातंय, आतल्या आत किंवा बाहेर. तसाच पाय ठेवून इंजिन चालू केलंत की पेडल थोडंसं खाली जाईल. त्याला घाबरू नका, बूस्टर काम करतोय एवढाच त्याचा अर्थ.

बाहेरची गळती शोधायला टॉर्च घ्या. चारही चाकांची आतली बाजू, टायरवर ओला ओघळ, मागच्या ड्रमची खालची कड. आपल्याकडे आणखी एक जागा हमखास बघायची: गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लोखंडी पाइप जिथे क्लिपमध्ये बसतो ती. खारा वारा, चार महिने चिखल, त्यात कोणी हौसेने गाडी किनाऱ्यावर वाळूत घातलेली. त्या क्लिपखाली ओल धरून राहते आणि पाइप तिथूनच गंजतो. पापुद्रे सुटलेला पाइप घासून रंगवू नका. बदला.

आणि लेव्हल कमी होतेय, पण बाहेर कुठेच ओल नाही? मग मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागची बाजू बघायला सांगा. मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं, बाहेरून पत्ता लागत नाही.

आता दुसरा प्रकार. पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. ऐकणारा लगेच म्हणतो, "एअर धरली." म्हणजे पाइपात हवा शिरली. थांबा जरा. पेडल स्पंजसारखं लवतंय का, की खोल जाऊन तिथे कडक लागतंय? लवत असेल तर एअर. खोल पण कडक असेल, आणि हँडब्रेकही नेहमीपेक्षा जास्त वर ओढावा लागत असेल, तर मागचे ड्रम उघडा. शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) आणि ड्रममधलं अंतर आपोआप भरून काढणारा अ‍ॅडजस्टर गंजून अडकलेला सापडेल. तो साफ करून मोकळा केला की पेडल वर. या गाडीची एअर कितीही वेळा काढलीत तरी फरक पडणार नाही, बिल मात्र दरवेळी होईल.

तिसरा प्रकार घाटातला. आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत पेडल मऊ पडतं, रात्रभर गाडी थंड झाली की सकाळी ठीक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा! कोरडं डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा, बाटलीवर लिहिलेला असतो) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ, आणि वाफ दबते, म्हणून पेडल मऊ. याच घाटात पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल, तर तापलेत ते चाकाच्या डिस्कवर घासणारे पॅड. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. आणि ऑइल दोन वर्षांनी बदलाच, मग लेव्हल कितीही भरलेली दिसो. चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात बुडालेली गाडी घेतली असेल, तर वर्षं मोजत बसू नका, आधी सगळं ऑइल बदला आणि ड्रम उघडून बघा.

एअर काढायची पद्धत तुम्हाला माहीतच असेल: एकाने "दाबलं" म्हणायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सोडायचा, घट्ट करून मगच "सोड". बहुतेक गाड्यांत सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, पण तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन तळाशी जात नाही, तिथे गंज असतो. पेडल जमिनीला टेकवलंत की चांगलं सील त्या गंजावरून फाटतं. "एअर काढायला दिली आणि मास्टर सिलिंडर गेला," ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, नाहीतर तुटेल. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) नवा बसवलाय? निपल वरच्या बाजूला आहे ना बघा. डावा-उजवा उलटा बसला तर निपल खाली जातो आणि एअर वरच अडकते. डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये एअर शिरली तर ती काढायला स्कॅनर लागू शकतो. गेल्या पावसाळ्यात उघडलेली ऑइलची बाटली वापरायची नाही, आणि इंजिन ऑइल तर थेंबभरही नाही, सगळी रबरं फुगतील. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल कडक येईपर्यंत गिअर टाकू नका. मग अंगणातच दोन-तीनदा हळू चालवून थांबवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्याआधी प्रत्येक निपलला बोट लावून बघा, ओलं लागतंय का.