ओढ्याला जोर नको, पाणी हवं

मंडळी, बागेतल्या तळ्याविषयी बोलायचं म्हटलं की लोक कमळं विचारतात, मासे विचारतात, दगड कुठून आणले ते विचारतात. पंपाचा विषय निघाला की म्हणतात, ते प्लंबर बघेल. म्हणून आज मी फक्त पंपावर बोलणार आहे.

भोरजवळ आमच्या शेतावर घरामागे आम्ही तळं केलं. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, मीटरभर खोल, म्हणजे २०,००० लिटर पाणी. तळ्यातलंच पाणी पंपानं वर बांधापाशी चढवायचं, तो उगम, तिथून १२ मीटरचा ओढा आणि शेवटी मीटरभर रुंदीच्या कातळावरून पाणी तळ्यात पडणार. पंप घ्यायला गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न केला, "बोअर किती फुटांची?" म्हटलं, बोअर नाही, ओढा आहे. "मग एक एचपीचा न्या साहेब. जास्त असलेला बरा."

इथे किती जणांनी हे वाक्य ऐकलंय? बघा, निम्मे हात वर आहेत!

तो बोअरचा सबमर्सिबल आणून तळ्याच्या अगदी तळाशी ठेवला. चालू केला तर नळाच्या तोंडाशी पाण्याची पिचकारी उडते आणि कातळावर मात्र ओलसर पापुद्रा. जोर भरपूर, पाणी मिनिटाला जेमतेम ८० लिटर. पिचकारी थांबावी म्हणून वरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. त्यामुळे खालच्या पाइपात दाब चढला आणि रात्री एक जोड निसटला. पंप चालूच. सकाळी उठून पाहतो तर तळ्याचं सगळं पाणी शेजारच्या कांद्यात आणि आमचे मासे चिखलात. सहा मासे वाचले, बादलीत उचलून विहिरीत सोडले म्हणून. बाकीचे गेले. ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही, आणि एचपीचं नाव निघालं की मी जरा तावातावानं बोलतो ते त्यामुळेच.

बोअरचा पंप थोडं पाणी खूप उंच चढवायला केलेला असतो. ओढ्याला नेमकं उलटं लागतं, भरपूर पाणी आणि थोडीशी उंची. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, वाटेतले हौद भरले, ते निव्वळ उतारावर. तिथे उंची डोंगरानं दिली होती. आपल्या बागेत ती विजेच्या बिलातून विकत घ्यावी लागते, म्हणून ती आधी मोजायची.

आणि पाणी किती हवं, ते कसं कळणार? ही माझी आवडती गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. २०० लिटरचा ड्रम उगमापाशी चढवा, खाली मोठी तोटी बसवा आणि एका मिनिटात रिकामा होईल इतकी ती उघडा. खाली दिसतो तो मिनिटाला २०० लिटरचा धबधबा. आम्ही तीन वेळा भरून पाहिला. आमच्या घरातल्यांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि म्हणाल्या, दिवसा हा ठीक, रात्री याच्या निम्मा. तोच हिशेब आजही चालू आहे. कागदावर पाहिलंत तरी जुळतं. मीटरभर रुंद काठावरून एक सेंटिमीटर जाडीचं पाणी वाहायला मिनिटाला साधारण ११० लिटर लागतात, दीड सेंटिमीटरला २००, दोनला ३००च्या वर. जाडी दुप्पट, पाणी जवळजवळ तिप्पट.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. पंप निवडायचा भाग आता भराभर सांगतो.

आमची उभी उंची २ मीटर. पाइप १५ मीटर, दोन इंची. त्यातल्या घर्षणाचा जवळजवळ १ मीटर धरा. एकूण हेड, म्हणजे पंपाला चढवावी लागणारी सगळी उंची, ३ मीटर. हाच पाइप एक इंची घेतला असता तर २०० लिटरसाठी नुसतं घर्षणच २५ मीटरच्या वर गेलं असतं. पैसे वाचवायचे तर पाइपात नका वाचवू.

दुकानात एचपी विचारू नका. पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती उंचीला किती पाणी देतो तो आलेख, मागा आणि ३ मीटरला २०० लिटर मिळतात का, ते बघा. या कामाला २५० वॉटच्या आसपास पुरतात, अखंड चालवला तर महिन्याला १८० युनिट. तो एक एचपीचा पंप ७००च्या वर गेला असता.

पंप दोन घ्या, एक धबधब्याला, एक फिल्टरला. फिल्टरचा रात्री बंद करू नका. रात्री शेवाळ आणि झाडंही ऑक्सिजन वापरतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पंप तळाशी न ठेवता विटांच्या ओट्यावर ठेवा, म्हणजे जोड निसटला तरी खाली फूटभर पाणी उरतं. भोवती जाळीचा पिंजरा हवा. तेल भरलेली मोटर माशांच्या पाण्यात नको. सील गेलं की तेल पाण्यात. वीज गेल्यावर ओढ्यातलं पाणी खाली येतं, तेवढी जागा तळ्यात रिकामी ठेवा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसवल्याशिवाय त्या पाण्यात कुणालाही हात घालू देऊ नका, मुलांना तर नाहीच.

फिल्टरचं राहिलं, त्याला दुसरा दिवस लागेल. ड्रम मी टेम्पोतून आणलाय, बाहेर पायऱ्यांवर चढवून ठेवलाय. चला, आवाज ऐकून घ्या.