सामरी दोनदा जळाला त्याची गोष्ट

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'हिंदी भयपटांतील भुताचे समाजशास्त्र' असा छापलाय. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की रामसे बंधूंच्या सिनेमातल्या भुतांवर बोलतो. संयोजकांना ते पत्रिकेत बरं दिसेना. असो. शेवटी मला मारबतीवर, म्हणजे आपण नागपुरात मिरवून जाळतो त्या पुतळ्यावर यायचंय. विसरलो तर आठवण करून द्या.

रामसेंचा 'पुराना मंदिर' टॉकीजात कोणी पाहिलाय? हात वर करा. सात. बाकीच्यांनी १९९३ नंतर टीव्हीवर 'झी हॉरर शो' पाहिला असेल. चालतंय, तोही त्यांचाच.

सिनेमा १९८४ चा, आपल्या टॉकीजात मी पाहिला तो पुढच्या मे महिन्यात. टॉकीजचं नाव घेत नाही. सिनेमा प्रौढांसाठी आणि मी आठवीत. काकांनी डोअरकीपरला सांगितलं, "पोरगा बुटका आहे, वय भरलंय त्याचं." त्यानंही वर-खाली पाहिलं आणि सोडलं. आत कूलर होते, पण त्यांचा वारा फक्त बाल्कनीला. आम्ही खाली, घामाच्या धारांत.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. राजानं सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवलं, मुंडकं हवेलीत पेटीत कोंडलं, धड मंदिरामागे पुरलं. दोन्ही जुळली की तो उठणार. (मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे, हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे सरकारचं धड मुंबईत असतं आणि हिवाळ्यात मुंडकं आपल्याकडे येतं. जुळतं का, ते तुम्हीच ठरवा.)

तर इंटरव्हल झालं आणि ऑपरेटरनं पुढच्या रिळाऐवजी एकदम शेवटचं रीळ चढवलं! सामरी अजून धड उठलेलाही नाही आणि पडद्यावर त्याला जाळताहेत. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. 'लवकर संपला बाप्पा' म्हणत अर्धं पब्लिक उठलं. काका तर थेट सायकल स्टँडवर. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला आणि मुंडकं पेटीत जसंच्या तसं! बाहेरचे लोक धावत आत. कोणीतरी ओरडलं, "अबे, थो मेला नाही!" मागून उत्तर आलं, "भूत होय थो, मरन कसा?"

एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. एकानंही पैसे परत मागितले नाहीत. पुढे सामरी रीतसर उठला, माणसं मारली, आणि शेवटाशी आल्यावर पडदा पांढरा. ते रीळ तर आधीच दाखवून झालेलं. मग जो गोंधळ झाला! खुर्च्या आपटत पब्लिक एका सुरात, "जाळा! पुन्हा जाळा!" ऑपरेटरनं तेच रीळ पुन्हा लावलं. एका तिकिटात सामरी दोनदा जळाला. दुसऱ्यांदा टाळ्या जास्त पडल्या.

तक्रार माझी फक्त सायकल स्टँडवाल्याबद्दल आहे. काका एकदा बाहेर येऊन परत गेले म्हणून त्यानं दोनदा पैसे घेतले. काका म्हणाले, "अरे, सायकल जागची हलली नाही!" तो म्हणाला, "तुम्ही हलले ना." काकांनी हे पुढे वीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगितलं.

रामसेंचं दुकानही असंच, पब्लिकच्या आरोळीवर उभं राहिलेलं. १९७० साली त्यांच्या वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' आपटला. पण पृथ्वीराज कपूर भीतीदायक मुखवटा घालून चोरी करतात, त्या प्रसंगाला थिएटर हलायचं. पोरांनी ते हेरलं. १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे'. महाबळेश्वरला सगळं कुटुंबच शूटिंगला गेलं. सात भाऊ, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक लिहायला, घरच्या बायका स्वयंपाकाला. वऱ्हाड गेल्यासारखंच. आणि सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल? रुरकीचा सिव्हिल इंजिनीअर! आपल्याकडे इंजिनीअर पोरांचे बाप अजूनही... हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं.

तर मारबत. घाईनं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी, असं सांगतात. बांबूचा सांगाडा, वर कागद, भडक रंग. 'खरी वाटते का?' असं कोणी विचारतं का? शिवणीतून बांबू दिसला म्हणून कोणी परत जातं का? आपण पोरांना खांद्यावर घेऊन जातो, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा बसेस्तोवर ओरडतो, तिला जाळून घरी येऊन जेवतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी.

आता हल्लीची पोरं म्हणतात, "सर, आम्ही रामसे बघतो, पण हसायला. मेकअप किती खोटा!" बाबांनो, खोटा होता हे आम्हाला आठवीतही दिसत होतं. मुखवट्याची कड गळ्याशी सुटायची, तेव्हा मागून आवाज यायचा, "भाऊ, कॉलर नीट कर!" तरी तो दारात उभा राहिला की मी काकांचा दंड धरायचो. हे दोन्ही एकाच वेळी व्हायचं. मल्टिप्लेक्समध्ये तो दंड धरता येतो, ओरडता मात्र येत नाही. शेजारचा 'शू' करतो. आणि ओरडायलाच मिळत नसेल तर भूत जाळायचं कोणासाठी?

यातला समाजशास्त्राचा भाग... दुसरी चिठ्ठी. रामसेंचा 'वीराना' राहिलाच. तो बाहेर, चहापाशी.