चालत जाण्याइतके जवळ

श्रोतेहो, नमस्कार.

धारावीचा विषय निघाला की दाटीवाटीची चर्चा हमखास होते. मात्र त्या दाटीमुळेच तिथे काय काय पायी गाठता येते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पश्चिमेला माहीम आणि पूर्वेला शीव म्हणजे सायन अशी दोन रेल्वेमार्गांवरची स्थानके वस्तीच्या दोन्ही अंगांना आहेत. साठ फुटी आणि नव्वद फुटी रस्त्यांलगतच्या गल्ल्यांत पिठाची गिरणी, किराणा, शिलाईचे कारखाने आणि डॉक्टरांची दुकानवजा खोली अशी सारी सोय शेजारी शेजारी आढळते. शीव रुग्णालयाचे नागरी आरोग्य केंद्र वस्तीतच असून लोक त्याला ‘छोटा सायन’ म्हणतात. पापड लाटणाऱ्या बाईला लाटी घरी आणून, वाळलेले पापड पोचवून पुन्हा स्वयंपाकाला लागता येते, ते या जवळिकीमुळेच.

यातले बरेचसे लोकांनी स्वतः उभे केले आहे. जे सरकारने आणि पालिकेने द्यायचे, तिथे मात्र अंतर निराळ्या रीतीने वाढते. सार्वजनिक शौचालय नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते. पण सकाळी तिथे रांग असते आणि रात्री अंधाऱ्या बोळातून एकटीने जायची बाईला धास्ती वाटते. माझ्या मते ही रांग आणि ही धास्तीदेखील अंतरातच धरायला हवी.

पुनर्वसनात या गोष्टीचा हिशेब क्वचितच होतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून अनेक कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलला हलवले गेले, तेव्हा तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे दूषित झालेल्या हवेचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला, आणि ते योग्यच झाले. परंतु जुनी शाळा, धुण्याभांड्यांची कामे आणि उधारीवर सामान देणारा वाणी एकदमच दुरावणे, हेही नुकसान लहान नव्हते. घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत काटेकोर मोजले जाते, पण रेशन दुकानापर्यंतची पायपीट कोणत्याच कागदावर येत नाही.

म्हणून पुनर्वसनाच्या प्रत्येक प्रस्तावाला पायी लागणाऱ्या वेळेचा तक्ता जोडणे सक्तीचे करावे, आणि तो वेळ धडधाकट अभियंत्याच्या चालीने न मोजता, कडेवर मूल आणि हातात दळणाचा डबा घेतलेल्या बाईच्या चालीने, तोही भर पावसाळ्यात मोजावा.