नोकरीतली शेवटची दिवाळी

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आपल्या वाचनालयाने मला विषय दिला होता तो निवृत्तीनंतरच्या जीवनाचा. त्यावर बोलण्याचा अधिकार मला अजून मिळालेला नाही, कारण मी येत्या 31 मे रोजी निवृत्त होणार आहे. म्हणून संयोजकांच्या परवानगीने विषय थोडा अलीकडे ओढून घेते आणि निवृत्ती समोर दिसू लागल्यावर येणाऱ्या सणासुदीच्या काळाविषयी बोलते. माझी बहुतेक नोकरी सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली, म्हणजे इतरांच्या निवृत्तीची कागदपत्रे तयार करण्यात गेली. त्यामुळे जे सांगणार आहे ते थोडे माझ्या घरातले आणि बरेचसे टेबलापलीकडे बसलेल्या माणसांकडे पाहून जमलेले आहे.

31 मे ही तारीख ऐकून सभागृहात काही जण हसले. ते का हसले हे साताऱ्यात समजावून सांगावे लागत नाही, तरी तरुण श्रोत्यांसाठी सांगते. राज्य शासनाच्या सेवेत गट ड, म्हणजे शिपाई वगैरे पदे, वगळता निवृत्तीचे वय 58 वर्षे आहे, आणि ज्या महिन्यात ते पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याच्या अखेरीस. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची नावे जूनमध्ये शाळेत घातली गेली, आणि ज्यांच्या घरी जन्मतारीख कोणाला सांगता आली नाही त्यांच्या नावापुढे गुरुजींनी 1 जून लिहून टाकला. माझी आई म्हणते की मी गौरी जेवायच्या दिवशी जन्मले, परंतु शासनदरबारी गौरींना काही स्थान नसल्यामुळे मी 1 जूनचीच आहे. दरवर्षी 31 मे रोजी कार्यालयेच्या कार्यालये रिकामी होतात ती या गुरुजींच्या कृपेने. त्यामुळे आमच्यापैकी पुष्कळांची नोकरीतली शेवटची दिवाळी निवृत्तीच्या सहा-सात महिने आधी येते, आणि नेमकी निवृत्तीवेतनाच्या प्रकरणाच्या ऐन धांदलीत येते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही दिवाळी वाया घालवू नये. नोकरदार माणूस वर्षभरात सलग चार-पाच दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, सगळ्या घरच्यांसोबत घरात असतो तो बहुधा याच दिवसांत. एरवी त्याला घर दिसते ते सकाळी डबा भरेपर्यंत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर. रविवार तर बाजारहाट आणि कपड्यांना इस्त्री करण्यातच जातो. पुढे आपले दिवस कसे जाणार आहेत, घरातली कोणती कामे कोणाच्या हातची आहेत आणि आपल्याला तिथे जागा कुठे आहे, याचा खरा अंदाज एखाद्या मार्गदर्शन शिबिरापेक्षा वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत अधिक येतो. अट एकच, की त्या दिवसांत आपण खरोखर घरी असले पाहिजे.

इथे रजेचा प्रश्न येतो, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इतका विचित्र हिशेब मी दुसऱ्या कोणत्याही बाबतीत पाहिला नाही. शासकीय कर्मचाऱ्याच्या खात्यावर 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी प्रत्येकी 15 दिवसांची अर्जित रजा जमा होते, आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे रोखीकरण, म्हणजे न घेतलेल्या रजेचे पैसे, जास्तीत जास्त 300 दिवसांपर्यंत मिळते. ही रक्कम लहान नसते. शेवटच्या मूळ वेतनावर आणि महागाई भत्त्यावर ती काढली जाते. म्हणून माणसे पंचवीस-तीस वर्षे रजा साठवतात. मुलांचे आजारपण किरकोळ रजेवर निभावतात, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला भावाला पाठवतात, आणि चार वर्षांतून एकदा मिळणारी महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत कागदावरच राहते. पहिल्या पंचवीस वर्षांत या काटकसरीला अर्थ आहे, कारण साध्या पगारात घर उभे करणाऱ्याला ती रक्कम हवीच असते. परंतु 300 दिवस भरून गेल्यावरही हाताला लागलेली सवय सुटत नाही. त्यापुढची रजा रोखीकरणाच्या हिशेबात धरली जात नाही, हे ज्यांना नियमाच्या क्रमांकासह पाठ असते असे माझे काही सहकारीसुद्धा शेवटच्या वर्षी दिवाळीत टेबलावर हजर असतात. विचारले तर उत्तर येते, “घरी बसून करायचं काय?”

या उत्तरात सगळे आले. शेवटच्या वर्षी वरिष्ठ माणूस दिवाळीच्या आठवड्यात कनिष्ठांना म्हणतो, तुमची पोरं लहान आहेत, तुम्ही जा, मी थांबतो. हा चांगुलपणा आहे आणि तो मी स्वतःही केलेला आहे. मात्र त्या चांगुलपणाच्या आडोशाने पुष्कळ जण घरापासून पळ काढत असतात. कार्यालयात पंखा, चहा, वर्तमानपत्र आणि ‘साहेब’ ही हाक ठरलेली असते. घरात त्यांच्यासाठी काहीच ठरलेले नसते, आणि हे पाहण्याची वेळ जितकी लांबवता येईल तितकी ते लांबवतात.

आता घरातले पाहू. स्त्री कर्मचाऱ्याची गोष्ट इथे वेगळी आहे आणि ती वेगळी मांडलीच पाहिजे. पुरुष दिवाळीची सुट्टी घेतो तेव्हा त्याला विश्रांती मिळते. आम्ही घेतो तेव्हा चकलीची भाजणी गिरणीतून आणणे, डबे घासणे, पडदे धुणे, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकणे हे सगळे आमची वाटच पाहत असते. माझ्या पिढीतल्या नोकरदार बायकांनी दोन्हीकडची हजेरी सांभाळली. त्यामुळे निवृत्ती जवळ आली की घरातले सगळे आनंदाने म्हणतात, आता तू मोकळी झालीस म्हणजे फराळ घरीच करत जाऊ. म्हणजे कार्यालयातून मोकळे करून घरात पूर्णवेळ नियुक्ती देण्याचा हा ठराव आमच्या अनुपस्थितीतच मंजूर झालेला असतो. आमच्या घरी गेली काही वर्षे चकल्या आणि अनारसे बचत गटाच्या बायकांकडून येतात, आणि पुढच्या वर्षीही ते तिथूनच येतील, हे मी याच दिवाळीत सर्वांसमक्ष सांगणार आहे. हे सांगायला निवृत्तीनंतरची दिवाळी फार उशिराची होते. तोवर घराने आपला वेळ वाटून घेतलेला असतो.

पुरुषांबाबत मी पाहिलेली अडचण उलट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते घराची तपासणी सुरू करतात. गॅस इतका मोठा का, दूधवाल्याचा हिशेब वहीत का नाही, कामवाल्या बाई साडेदहाला का येतात, अशा शेऱ्यांना घरातले चार दिवस हसून घेतात, कारण पाडव्यानंतर साहेब कामावर जाणार हे त्यांना माहीत असते. जूननंतर ते जाणार नसतात. निवृत्त होणाऱ्या पुरुषाने या दिवाळीत शेरे न मारता एकच काम स्वतःकडे घ्यावे, अगदी रोजची भाजी आणण्याचे आणि निवडण्याचे असले तरी चालेल, आणि ते कोणी आठवण न करता भाऊबीजेपर्यंत करून पाहावे.

कागदपत्रांचे आता थोडक्यात सांगते. जे 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत आले, म्हणजे ज्यांना जुनी निवृत्तीवेतन योजना लागू आहे, त्यांच्यापुरतेच हे आहे. निवृत्तीवेतनाचे प्रकरण सहा महिने आधी महालेखापाल कार्यालयाकडे जाणे अपेक्षित असते, म्हणजे 31 मे रोजी निवृत्त होणाऱ्याचे नोव्हेंबरअखेर. त्याआधी सेवापुस्तकाची, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकाची, वेतन पडताळणी पथकाकडून तपासणी झालेली असावी लागते. त्यासोबत पती-पत्नीचे एकत्रित छायाचित्र, कुटुंबातील सदस्यांचा तपशील आणि नामनिर्देशन लागते. बायकांच्या प्रकरणात हमखास अडकते ते नाव. सेवापुस्तकात माहेरचे, बँकेत सासरचे, आधारकार्डावर तिसऱ्याच धाटणीने लिहिलेले, आणि लग्नानंतरच्या बदलाची राजपत्रातली नोंद कुठे ठेवली ते कोणालाच आठवत नाही. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पेट्या उघडल्या जातात, तेव्हा रद्दीवाल्याला कागद देण्यापूर्वी ते वाचावेत. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी निवृत्तीच्या तीन महिने आधी थांबते, तर सण अग्रिम, म्हणजे सणासाठी पगारावर मिळणारी उचल, दहा हप्त्यांत कापला जातो आणि ते हप्ते मेअखेरपर्यंत बसत नाहीत. त्यामुळे माझ्या ओळखीतले बहुतेक जण शेवटच्या वर्षी तो अर्ज करतच नाहीत. इतकी वर्षे ज्या रकमेवर मुलांचे कपडे आले ती या वर्षी नसणार, हे घरात आधीच सांगून ठेवलेले बरे.

पैशाचा विषय निघतोच, कारण मुले येतात. साताऱ्यातल्या निम्म्या घरांची मुले पुण्यात आहेत, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री खंबाटकी घाटात अडकलेल्या मोटारींतून साताऱ्याची दिवाळी येत असते. जावई येतात, दीर येतात, आणि लक्ष्मीपूजन आटोपून सगळे गच्चीवर बसले की कोणीतरी विचारतो, “किती मिळतील?” मग महामार्गालगतचा भूखंड, पुतण्याचे दुकान, पुण्यातल्या सदनिकेचे कर्ज असे सगळे त्या रकमेभोवती जमतात. यात कोणी दुष्ट नसतो, पण फटाक्यांच्या आवाजात घेतलेल्या आर्थिक निर्णयांवर माझा विश्वास नाही. निवृत्तीवेतनाच्या 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येते. एकरकमी पैसे हाती येतात, दरमहाचे निवृत्तीवेतन तेवढ्याने घटते आणि 15 वर्षांनी पूर्ववत होते. याचा अर्थ आज 58 व्या वर्षी सही करणारा माणूस वयाच्या त्र्याहत्तरीपर्यंत कमी वेतनावर जगण्याचे कबूल करत असतो. ही सही करायची की नाही, हे पती-पत्नीने दोघांतच, औषधांचा आणि घरखर्चाचा आकडा समोर ठेवून ठरवावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी साठीची वाट पाहावी लागते असा समज आहे, पण तो खरा नाही. 55 वर्षांनंतर निवृत्त झालेल्याला लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या योजनेत पैसे ठेवता येतात, आणि मर्यादा 30 लाख रुपयांची आहे. गच्चीवर विचारणाऱ्यांना एवढेच सांगावे की रक्कम अजून आलेली नाही.

आपल्या जिल्ह्याला निवृत्तीचा आणखी एक प्रकार चांगला परिचयाचा आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत चाळिशीच्या आसपास फौजेतून परतलेली माणसे घरोघरी आहेत. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा असते, पण ती दिवाळीत मिळेल याची शाश्वती नसते. तुकडीतले सगळे एकाच सणाला घरी जाऊ शकत नाहीत. त्यामुळे त्या घरांनी दिवाळी माणूस येईल तेव्हा करायची सवय लावून घेतली. पौषात आलेल्या मुलासाठी आई करंज्या तळते आणि बहीण तेव्हाच ओवाळते. या घरांकडून आम्ही कार्यालयीन माणसांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण आम्ही सण आणि सुट्टी यांची सांगड इतकी घट्ट घातली की सुट्टीच्या परिपत्रकाविना आम्हाला काही साजरे करता येईनासे झाले.

त्याचा एक व्यावहारिक भाग आहे, तो सांगते. कासचे पठार इथून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला, तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. पण पेढे खाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ऐन फुलोऱ्यात ते पाहिलेले नव्हते. फुले येतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कामाच्या दिवसांत, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, आणि दिवाळीची सुट्टी येईपर्यंत बहर सरलेला असतो. नाताळात महाबळेश्वरच्या वाटेवर हीच स्थिती असते. ज्याला मंगळवारी जाता येते त्याने मंगळवारी जावे. निवृत्तांनी सुट्टीचा हंगाम आणि त्या हंगामातली एसटीची आसने नोकरी करणाऱ्यांना सोडावीत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांच्याजवळ दुसरा वेळच नसतो. पुसेगावच्या यात्रेला मार्गशीर्षात जायचे तर तिथीच पाळावी लागते, पण सज्जनगडाला आषाढातल्या बुधवारीही जाता येते. एसटीचा विषय निघाला म्हणून सांगते: 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पुरुषांना ती सवलत 65 व्या वर्षापासून आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. म्हणजे निवृत्त जोडप्याने सात वर्षे तरी प्रवासाचे बेत पत्नीच्या सल्ल्याने आखणे किफायतशीर ठरेल.

मी स्वतः या वर्षी वसुबारसेपासून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत अर्जित रजा टाकली आहे. अर्जावर वरिष्ठांनी विचारले, कारण काय लिहू? मी म्हटले, घरगुती. माझ्या टेबलाचे काम ज्या मुलीकडे दिले आहे तिची ही नोकरीतली दुसरीच दिवाळी, आणि तिचे गाव कोरेगाव तालुक्यात असल्याने ती रोज संध्याकाळी घरी पोहोचणार आहे. पुढच्या वर्षी ती रजा मागेल तेव्हा तिला ती मिळावी, अशी टिपणी मी आजच लिहून ठेवलेली आहे. ती कोणी वाचेल की नाही, हे माझ्या हातात राहणार नाही.