रिसेलचा फ्लॅट आणि आपला स्वतःचा वकील

श्रोतेहो, नमस्कार.

जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद क्लिअरच असणार." पण बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेसाठी. त्याची फी बहुधा तुमच्याच खिशातून जाते, अहवाल मात्र बँकेच्या फायलीत राहतो. उद्या त्यात काही राहून गेलं असं निघालं, तरी हप्ते तुम्हालाच भरायचे. दलालानं सुचवलेल्या वकिलाचंही तसंच. सौदा मोडला तर दलाली बुडते, तेव्हा सौदा मोडण्याजोगी गोष्ट तो किती ठासून सांगेल याचा विचार करा. म्हणून वकील आपला हवा, आणि तो टोकन देण्याआधी गाठायला हवा. टोकन दिल्यावर निघालेली खोट ही मग घासाघीस करण्याची बाब होऊन बसते.

हा वकील नेमकं काय करतो? पहिलं काम सर्च, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा शोध. साधारणपणे मागच्या तीस वर्षांचा घेतात. इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, हा नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा; तो नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहता येतो. पण जुन्या नोंदी अपुऱ्या असतात, काही रजिस्टरांची पानं फाटलेली असतात. त्यामुळे अहवालासोबत शोधाची पावती मागाच, आणि कोणत्या वर्षांची रजिस्टरं पाहायला मिळाली नाहीत ते अहवालात लिहून घ्या. हे वाक्य टाळलेला अहवाल वाचायला गोड वाटतो, एवढंच.

आता इंडेक्समध्ये न दिसणारी गोष्ट ऐका. मूळ करारनामा बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं, तर गहाणखत वेगळं नोंदवलेलं नसतं. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत नोंदवण्याचं बंधन १ एप्रिल २०१३ पासून आलं. त्याआधीचं कर्ज इंडेक्स टू चाळून सापडेलच असं नाही. म्हणून सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतही शोध घ्यायला सांगा. आणि सगळ्यात साधी कसोटी म्हणजे मूळ कागद स्वतःच्या हातात घेऊन पाहणं. विक्रेता फक्त झेरॉक्स दाखवत असेल, तर मूळ प्रत कुठे आहे हे लेखी घ्या. "हरवली" म्हणत असेल तर पोलिसांतली तक्रार, नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, तिन्ही हवं.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर घाबरण्याचं कारण नाही, फक्त पैशाची वाट बदला. त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी घ्या. तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.

पुढे येते कागदांची साखळी. बिल्डरकडून पहिल्या खरेदीदाराकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, असं करत आजच्या विक्रेत्यापर्यंत. प्रत्येक कडीचा करारनामा, नोंदणीची पावती आणि भरलेली मुद्रांक शुल्काची रक्कम पाहायची. १० डिसेंबर १९८५ पूर्वीचे फ्लॅटचे करार पाच रुपयांच्या मुद्रांकावर झालेले दिसतील, ते त्या काळाला धरून आहेत. पण त्यानंतरचा करार कमी मुद्रांकावर झाला असेल तर तूट आणि वर दरमहा दोन टक्के दंड, तोही तुटीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. हे विक्रेत्यानं भरायचं आहे, आणि नोंदणीआधी भरायचं आहे, असं करारातच लिहा.

साखळी सगळ्यात जास्त तुटते ती मालकाच्या मृत्यूपाशी. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव आहे, भागपत्रावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, तेच चढलंय, आणि तोच विकायला निघालाय. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सहकारी संस्था कायद्यानं तो वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात पत्नी, मुलगे, लग्न झालेल्या मुली आणि हयात असेल तर मृताची आई, सगळ्यांचा हिस्सा. प्रत्येकाची विक्रीवर सही हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. "ताईला काही नको आहे" हे तोंडी आश्वासन कागद नव्हे. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर आईलाही न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. परवानगीशिवाय झालेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत न्यायालयात जाऊन मोडू शकतं.

विक्रेता परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र येतं, म्हणजे त्याच्या वतीनं सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. ते देणारा हयात आहे ना, याची सौद्याच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर खात्री करा, कारण त्याच्या मृत्यूबरोबर ते सर्वसाधारणपणे संपतं. अशा विक्रीत टीडीएसही, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, नेहमीपेक्षा बराच जास्त कापावा लागतो, म्हणून आधी सीए गाठा. विक्रेता भारतातच राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापायचा आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर तीस दिवसांत भरायचा. त्याचा पॅन चालू आहे का हे आधी पाहा. तो निष्क्रिय निघाला तर एकाचे वीस टक्के होतात, आणि नोटीस तुम्हाला येते.

सोसायटीच्या ना-हरकत पत्रावरून उगाच भांडणं होतात. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला ते सक्तीचं नाही, पण बँक मागते म्हणून घ्यावंच लागतं. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. "देणगी" म्हणून त्याहून अधिक मागणं नियमाला धरून नाही. जमीन सरकारनं दिलेली, म्हणजे भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. हा प्रश्न मुंबई-पुण्यात जरूर विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची पालिकेची परवानगी, तेही विचारा.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत यांतल्या जास्त रकमेवर बसतं. करारावर पूर्ण शुल्क भरल्यावर पुढच्या खरेदीखताला नाममात्र लागतं, म्हणून खरेदीखत टाळू नका. नुसत्या विक्रीकरारानं मालकी येत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा. पुढचे चार महिने दंड भरून मिळतात, आणि तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत असू शकतो.

नोंदणीच्या दिवशी ऑपरेटर पडद्यावरची माहिती वाचायला देतो. रांगेच्या घाईत लोक "ठीक आहे" म्हणून अंगठा देतात. तिथे थांबा. फ्लॅट क्रमांक, मजला, जमिनीचा सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, क्षेत्रफळ, दोन्ही बाजूंची नावं पॅनवर आहेत तशीच आहेत का, हे करारनामा शेजारी ठेवून ताडून पाहा. तिथे ७०२ चा ७०१ झाला, तर पुढे चूक-दुरुस्तीपत्र करावं लागतं आणि त्यावर विक्रेत्याची पुन्हा सही लागते. पूर्ण पैसे हातात पडलेल्या विक्रेत्याला त्या कार्यालयात परत बोलावून पाहा.