घाम वाळू द्या, मग मोजा

श्रोतेहो, नमस्कार. वैशाखात भुसावळचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा केळीच्या बागेतून आलेल्या माणसाची कातडी ओलीचिंब दिसते. पण ती आतून ओली असते का?

गेल्या उन्हाळ्यात बागेतून थेट आलेल्या एका मावशींच्या हातावर मी ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं. ना सुई, ना रक्त. बोटाएवढ्या नळीच्या टोकाला सोन्याच्या बारीक रेघा, त्यावर काच. दाब दर वेळी सारखा पडावा म्हणून आत स्प्रिंग. विद्युतभार साठवण्याची पाण्याची क्षमता मोठी, ती दाखवणारा स्थिरांक 80च्या आसपास. कोरड्या कातडीचा एकआकडी. म्हणून ओल वाढली की यंत्राचा आकडा चढतो. यंत्र वाचतं ते फक्त वरच्या मृत पेशींचा पापुद्रा, जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. हा आकडा टक्केवारी नव्हे, हे ध्यानात असू द्या.

मावशींचा आकडा भरपूर आला. त्यांना पाणी दिलं, वीस मिनिटं पंख्याखाली बसवलं आणि पुन्हा मोजलं. आकडा निम्म्यावर! "मंग पाणी कुठं गेलं, भाऊ?" त्यांनी विचारलं. मावशी, ते पाणी कातडीचं नव्हतंच. तो घाम होता, आणि त्यातलं मीठ वीज सहज वाहून नेतं.

दुसरी रीत उजेडाची. डोळ्यांना न दिसणारा, 1450 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकतं. परत येणारा प्रकाश जितका कमी, तितकं पाणी जास्त. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य दिसणारा उजेड अडवतं, या प्रकाशाला मात्र फारसं नाही. उन्हात रापलेल्या आपल्या माणसांसाठी ही मोलाची गोष्ट आहे. अडचण एवढीच की तो पापुद्र्याच्या खाली जातो आणि तिथलंही पाणी मोजून येतो. शिवाय घामाचा थर त्यालाही पाणीच दिसतो.

आणि कळकळीनं सांगतो, शरीरातलं पाणी आटलंय का, हे यातलं कुठलंच यंत्र सांगत नाही. उन्हात चक्कर आली, लघवी गडद पिवळी झाली, तर आकड्याची वाट पाहू नका. सावलीत या, पाणी प्या, बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा.

मावशींची कातडी कोरडीच निघाली. रात्री हात धुऊन, ओलसर असतानाच खोबरेल चोळा, असं सांगितलं. आठवड्यानं त्या आल्या त्या थेट पंख्याखाली जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आज तेल नाही लावलं बरं का. घाम वाळू द्या, मग मोजा."