नावापुढची तीन अक्षरं

नमस्कार, श्रोतेहो.

मार्च २०२०. त्या महिन्याच्या दहा तारखेला कोलकात्याजवळच्या कल्याणी इथं मोहन बागाननं ऐझॉल एफसीला १-० असं हरवलं आणि चार सामने बाकी असतानाच आय-लीग ही फुटबॉलची राष्ट्रीय लीग जिंकली. चारच दिवसांनी, चौदा तारखेला, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एटीकेनं चेन्नईयनला ३-१ असं हरवून इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, जिंकली. कोरोनामुळं त्या फायनलला स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते. एकाच शहराचे दोन संघ एकाच आठवड्यात देशातल्या दोन्ही मोठ्या लीगचे विजेते ठरले. एरवी कोलकात्यात केवढा जल्लोष झाला असता! पण या दोन्ही संघांचं भवितव्य जानेवारीतच ठरून गेलं होतं. १ जूनपासून त्यांतला कुठलाच संघ आधी होता तसा राहणार नव्हता. दोघांचा मिळून एक संघ व्हायचा होता.

आज मी बोलणार आहे तो त्या विलीनीकरणावर, आणि त्यावर तीन वर्षं धुमसत राहिलेल्या रागावर. हा राग मला अगदी योग्य वाटतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

ज्यांना या क्लबची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोहन बागान स्थापन झाला १५ ऑगस्ट १८८९ रोजी, उत्तर कोलकात्यात. २९ जुलै १९११ रोजी या क्लबनं आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. आधी पलटणीनं गोल केला. कर्णधार शिवदास भादुरीनं बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत अभिलाष घोषनं विजयी गोल केला. गर्दी इतकी होती, की मागच्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले होते, असं सांगतात. ब्रिटिश संघाला हरवून ती शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. आजही २९ जुलै हा ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो. हिरवा आणि मरून हे त्यांचे रंग, आणि शिडाची होडी हे त्यांचं चिन्ह.

आता एटीके. हा संघ जन्माला आला २०१४ मध्ये, आयएसएलबरोबरच. तेव्हाचं नाव ॲटलेटिको दी कोलकाता, एटीके हे त्याचंच लघुरूप. मालकांमध्ये उद्योगपती संजीव गोएंका होते, सौरव गांगुली होते आणि स्पेनचा ॲटलेटिको माद्रिद क्लबही होता. आयएसएलची पहिली फायनल आपल्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. तिथं नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत मोहम्मद रफीकनं हेडरवर गोल केला आणि कोलकात्यानं केरळ ब्लास्टर्सला १-० हरवलं. संघ चांगलाच होता. सहा वर्षांत त्यानं तीन किताब मिळवले. त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही.

अढी आहे ती लीगच्या रचनेबद्दल. जगात बहुतेक ठिकाणी खालच्या लीगमध्ये पहिला आलात की वरच्या लीगमध्ये जाता. आयएसएलमध्ये सुरुवातीला वर जायची वाट होती पैशाची. दरवर्षी कोट्यवधींचं शुल्क भरणारा मालक आणा आणि संघ घ्या. शिवाय एका शहरात एकच संघ, अशी मूळ मांडणी. कोलकात्याची जागा एटीकेनं आधीच घेतलेली होती. १८८९ चा क्लब, ज्याच्या सामन्याला लाखभर माणसं कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जमलेली आहेत, तो आपल्याच शहरात दाराबाहेर उभा. २०१९ च्या ऑक्टोबरात आशियाई फुटबॉल महासंघानं आराखडा मंजूर केला आणि आयएसएल ही देशातली अव्वल लीग ठरली. आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली. म्हणजे मोहन बागाननं २०२० मध्ये आय-लीग जिंकली, ती दुय्यम ठरलेली लीग जिंकली! आणि जिंकून वरती जागा मिळणार होती का? नाही. आय-लीगच्या विजेत्याला शुल्काशिवाय वर घ्यायचं ठरलं होतं ते २०२२-२३ पासून.

तोपर्यंत थांबायचं कसं? आय-लीगला प्रायोजक मिळेनासे झाले होते, चांगले खेळाडू आयएसएलकडं वळत होते. ‘विलीन व्हा, नाहीतर बंद करा’ असं पत्र कुणी लिहिलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. बाकीची सगळी दारं लावून घेतली की माणूस उघड्या दारातून जातो. त्याला तुम्ही राजीखुशी म्हणणार?

१६ जानेवारी २०२० रोजी घोषणा झाली. गोएंकांच्या आरपीएसजी समूहाकडं ८० टक्के, मोहन बागानकडं २० टक्के. क्रिकेट, हॉकी वगैरे मूळ सभासदांच्या क्लबकडं राहणार, फुटबॉल मात्र नव्या कंपनीकडं जाणार. आणि ज्या क्लबला जग फुटबॉलसाठी ओळखतं त्याच्या चाहत्यांना हे कळलं बातम्यांमधून. तीनच दिवसांनी, १९ जानेवारीला, ईस्ट बंगाल या शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याशी डर्बी होती. मोहन बागाननं ती २-१ अशी जिंकली. विजयाचा आनंद आणि घरावर दुसऱ्याची पाटी लागणार ही धास्ती, दोन्ही एकाच संध्याकाळी त्या लोकांनी सोसलं.

१० जुलैला नव्या संचालक मंडळाच्या बैठकीत नाव ठरलं : एटीके मोहन बागान. रंग हिरवा-मरूनच राहिला, होडीही राहिली, पण नावापुढं आणि चिन्हात ‘एटीके’ ही तीन अक्षरं आली.

इथं काही जण म्हणतात, एवढ्या तीन अक्षरांचं काय घेऊन बसलात? याआधीही १९९८ नंतर विजय मल्ल्यांच्या कंपनीनं पैसा घातला तेव्हा ‘मॅक्डॉवेल मोहन बागान’ असं नाव लागलंच होतं की. हा मुद्दा बरोबर वाटतो, पण नाही. मॅक्डॉवेल हा प्रायोजक होता. आज आहे, उद्या नाही, आणि मैदानात तो तुमच्याविरुद्ध उतरत नाही. एटीके हा त्याच शहरातला दुसरा फुटबॉल संघ होता, ज्याला मोहन बागानच्या माणसांनी कधी आपलं म्हटलं नव्हतं.

आपल्या कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे चटकन उमजेल. उद्या कुणी येऊन म्हणालं, की शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम हे तुमचे दोन फुटबॉल संघ एक करू, पैसा आम्ही घालतो, जर्सी तुमचीच ठेवतो, फक्त नावात आधी त्यांचं आणि मग तुमचं. तर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर काय होईल, हे मी सांगायला नको. पेठेतला म्हातारा माणूससुद्धा त्या दिवशी घरी बसणार नाही.

आणखी एक गोष्ट चाहत्यांना झोंबली. सप्टेंबर २०२० मध्ये ईस्ट बंगालही आयएसएलमध्ये आला. त्यांना श्री सिमेंट कंपनी गुंतवणूकदार म्हणून मिळाली आणि नाव झालं एससी ईस्ट बंगाल. त्यांचंही पुढं गुंतवणूकदाराशी बिनसलं, ती वेगळी कथा. पण दुसऱ्या कुठल्या संघात न मिसळता ते आत आले. मग मोहन बागानच्या पोरांनी विचारलं, की आम्हीच का मिसळायचं होतं? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि प्रशिक्षकाचं काय झालं बघा. मोहन बागानला आय-लीग जिंकून देणारे स्पॅनिश कोच किबू विकुन्या. अतिशय देखणं फुटबॉल खेळवलं त्यांनी त्या मोसमात. विलीनीकरणानंतर एटीकेचे अँतोनिओ हबास नव्या संघाचे कोच झाले आणि विकुन्या केरळ ब्लास्टर्सकडं गेले. २० नोव्हेंबर २०२०, गोव्यात बांबोळीचं मैदान, आयएसएलचा सलामीचा सामना : केरळ ब्लास्टर्स विरुद्ध एटीके मोहन बागान. कोरोनामुळं तो सगळा मोसम गोव्यातच, प्रेक्षकांविना. मोहन बागानचा आयएसएलमधला पहिलाच सामना, गॅलरीत मोहन बागानचा एकही चाहता नाही, आणि आठ महिन्यांपूर्वी त्यांना विजेतेपद मिळवून देणारा माणूस समोरच्या संघाच्या बाकावर. रॉय कृष्णाच्या गोलवर एटीके मोहन बागान १-० जिंकला. घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसानं टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

त्याच सुमारास लीगच्या जाहिरातीत एटीकेचे जुने किताब या संघाच्या नावावर दाखवले गेले, आणि भडका उडाला. ‘रिमूव्ह एटीके’ ही घोषणा घराघरांत गेली. कोलकात्यात मोर्चे निघाले, बॅनर लागले. काहींनी सामन्यांवर बहिष्कार टाकला. काही म्हणाले, आम्ही जाणार, संघाला ओरडून साथ देणार, आणि त्याच घशानं एटीके हटवा म्हणणार. काहींना हे सगळंच पटत नव्हतं. गोएंकांनी पैसा घातला नसता तर क्लब बुडाला असता, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. घरोघरी वाद झाले. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की विरोध करणाऱ्यांनी पैसा परत मागितला नव्हता, आयएसएलमधून बाहेर पडा असंही बहुतेकांचं म्हणणं नव्हतं. त्यांना स्वतःचं नाव हवं होतं. क्लबमध्ये चाहत्याच्या मालकीचं दुसरं असतं तरी काय? शेअर त्याचे नाहीत, मैदान त्याचं नाही, खेळाडू तर दर जूनमध्ये बदलतात. आजोबांपासून चालत आलेलं नाव तेवढं त्याचं असतं.

आणि तीन वर्षांनी ते मिळालं. १८ मार्च २०२३, पुन्हा फातोर्डा. बेंगळुरू एफसीविरुद्ध फायनल २-२ अशी बरोबरीत सुटली, पेनल्टी शूटआउटमध्ये संघ ४-३ असा जिंकला, आणि विजयानंतर लगेच गोएंकांनी जाहीर केलं, की पुढच्या मोसमापासून एटीके हे नाव जाईल, संघ ‘मोहन बागान सुपर जायंट’ म्हणून खेळेल. पुणेकरांना हे शेपूट ओळखीचं वाटेल. गोएंकांचाच रायझिंग पुणे सुपरजायंट आयपीएलमध्ये २०१७ ची फायनल एका धावेनं हरला होता. शेपूट असो, पण मोहन बागान हे नाव पुन्हा पुढं आलं. त्यानंतर २०२३-२४ मध्ये त्यांनी लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याचा किताब, जिंकली आणि २०२४-२५ मध्ये ती शील्ड व फायनल जिंकणाऱ्याचा कप, दोन्ही. फायनल सॉल्ट लेकवर, भरलेल्या स्टेडियमसमोर. मागं हटल्यामुळं मालकाचं नुकसान झालं असं कुणी म्हणू नये. टक्केवारी मात्र बदलली नाही. ऐंशी आणि वीस तशीच आहे, आणि ज्याच्याकडं ऐंशी आहे तो उद्या काय ठरवेल, हे त्याच्याच हातात.

सगळ्यांचं असं भलं होत नाही. जपानमध्ये योकोहामा फ्लुगेल्स नावाचा क्लब होता. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी त्याच्या प्रायोजक कंपन्यांनी जाहीर केलं, की हा क्लब शहरातल्याच योकोहामा मारिनोस या प्रतिस्पर्ध्यात विलीन होणार. त्या घोषणेनंतर फ्लुगेल्सचे खेळाडू एकही सामना हरले नाहीत. १ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी एम्परर्स कपची फायनल २-१ अशी जिंकली आणि तोच क्लबचा शेवटचा सामना ठरला. मारिनोसच्या नावात त्यांच्यासाठी एक ‘एफ’ घातला गेला. त्या एका अक्षरावर चाहते समाधानी राहिले नाहीत. त्यांनी स्वतः पैसे गोळा करून योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला, खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि २००७ मध्ये तो जपानच्या अव्वल लीगमध्ये खेळला. तिथं निदान खालून वर यायला शिडी होती.

आपल्याकडं ती उभी राहायला फार वेळ गेला. खेळून वर चढलेला पहिला क्लब पंजाब एफसी, २०२३ मध्ये. दरम्यान काय काय गेलं ते आठवा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याआधीच गेला होता. मुंबई एफसी गेला. पुण्यात तर एकामागून एक संघ मिटले, आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद होऊन त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्यात त्या संघासाठी ढोल वाजवणारी पोरं होती. त्यांना विलीन व्हा असंही कुणी विचारलं नाही.

गोव्यात २०१६ मध्ये नव्या लीगच्या आराखड्याचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला डेंपो! पुढची कित्येक वर्षं तो गोव्याच्या लीगमध्ये, स्थानिक मैदानांवर खेळत राहिला. कुणात मिसळला नाही, नाव बदललं नाही. २०२४ मध्ये तो आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरा आला आणि अखेर आय-लीगमध्ये परतला, शुल्क भरून नव्हे, गुण मिळवून. गोव्यातले जे श्रोते आत्ता ऐकत असतील त्यांना माझी विनंती आहे, डेंपोचा सामना असेल त्या दिवशी घरातल्या लहानग्यांना घेऊन मैदानावर जा.

नमस्कार.